प्रत

जेलरोडच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीची सावली,
एवढीच माझी वेधशाळा.
सावलीत स्टूल, सहा इंची दुर्बीण,
लाल जिलेटीन गुंडाळलेली बॅटरी
आणि दोनशे पानी वही, बहुतेक ओळी सारख्याच:
दिसला नाही. बारा पूर्णांक सहापेक्षा मंद.
दिसला नाही. बारा पूर्णांक चारपेक्षा मंद, धुकं.
दिसला नाही.

शेजारच्या सरोदेबाईंनी एकदा विचारलं,
जो दिसतच नाही, त्याला रोज काय बघता?
मी म्हटलं, नाही, हे बघते.

नोट तपासणीत एकतीस वर्षं काढली मी.
प्रेसमध्ये शीट समोर यायचं शाईचा वास घेऊन,
नजर फिरायची: अंक, कडा, छटा. अंक, कडा, छटा.
सगळं ठीक निघालं की त्या दिवसाची
कुठलीच खूण मागे उरत नसे.
रंग केसभर हलका असला तर कळायचं,
कसं ते विचारू नका, बोट ठेवता येत नाही.
दुसाने सरांना तेवढं पुरलं.
म्हणाले, दोन पांढऱ्यांतला फरक कळतो तुम्हाला.
ताऱ्याच्या तेजालाही आम्ही प्रतच म्हणतो.

मग त्यांनी मिथुनेतला हा बटू दाखवला,
म्हणजे त्याची जागा दाखवली.
जळून उरलेला इवला पांढरा तारा,
सव्वाचार तासांत त्याची फेरी पुरी करणारा लालसर जोडीदार.
लालसराचा वायू ओघळतो, चकती होऊन फिरतो,
साचतो, साचत राहतो
आणि एका रात्री चकतीच भडकते.
साधारण शंभर दिवसांनी. कधी साठ, कधी अडीचशे.
पगार नाही हा, सर म्हणाले, बोनस आहे.

नकाशावर ताऱ्यांशेजारी आकडे असतात, त्यांत दशांशचिन्ह नसतं.
टिंब दिलं तर कुणीतरी त्यालाच तारा समजेल.
ही काळजी ज्यानं घेतली
त्याच्यावर माझा विश्वास बसला.

सर आता मुलीकडे, कल्याणला. तिथलं आकाश ताकासारखं.
रात्री दहाला फोन.
आहे का?
नाही सर.
लिहिलं?
लिहिलं.
ठेवतो.

पौष वद्य त्रयोदशी. पारा पाचावर,
निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या धुमसत असणार.
एकलहऱ्याच्या चिमण्यांवर लाल दिवे.
देवळालीला तोफांचा सराव; एक प्रकाशगोळा वर चढला,
गच्ची पिवळी करून सावकाश विझला.
डोळ्यांत मुरवलेला अंधार नासला.
वीस मिनिटं शालीत तोंड खुपसून बसले,
पुन्हा मुरेपर्यंत.

मग डोळा लावला.
तीन ताऱ्यांची तिरपी ओळ, तिच्याखाली रिकामं.
रिकामं नव्हतं.

जागा चुकली असेल. नाही चुकली.
ओझरचं विमान? विमान हलतं.
आयपीस पुसला. थेट पाहिलं, कडेनं पाहिलं.
नोटेवर एक अंक जास्त छापलेला निघावा
तसा पोटात गोळा:
दोष सापडला की आधी संशय स्वतःवर घ्यायचा.
८९पेक्षा मंद. ९९पेक्षा ठळक.
मधोमध, किंचित वर.
९४.

दहाला सात कमी. पहिल्यांदाच मी आधी फोन केला.
सर, आहे.
पलीकडे मालिकेचा आवाज, मग कुणीतरी तो बंद केला.
किती?
नऊ पूर्णांक चार.
वेळ लिहिली?
नाही लिहिली.
आधी वेळ लिहा.
फोन खांद्यात धरून लिहिली, एकवीस त्रेपन्न, अक्षर वाकडं.
मग ते बोलेनात, मीही बोलेना.
ठेवतो, म्हणाले,
आणि ठेवला नाही.

आठ रात्री होता. नऊ एकपर्यंत चढला,
मग दहा, अकरा, बारा तीन.
काल पुन्हा: दिसला नाही. बारा पूर्णांक पाचपेक्षा मंद.

टाकीखाली आता दुसरं स्टूल आहे, सरोदेबाईंचं.
तो ठळक होता तेव्हा त्यांनी डोळा लावून
एवढाच? असं विचारलं होतं.
काल स्वेटर घालून स्वतःच वर आल्या,
म्हणाल्या, ती रिकामी जागा दाखवा.