दुभाषिणीचा ‘मी’

माझ्या कामाचा पहिला नियम:
जो बोलतो, तो मी.
ब्रसेल्समध्ये, तिसऱ्या मजल्यावर, काचेच्या खोलीत
कानांवर हेडफोन चढवले की
लिव्ह वानहेके संपते.
उरतो फक्त गळा.

म्हणून सकाळी साडेनऊला
‘आम्ही कुणाचंही नुकसान केलेलं नाही,’ असं मी म्हणाले.
नीट म्हणाले. वकिलाच्या आवाजावर जेवढी साय होती
तेवढीच माझ्या आवाजावर धरली.
‘आमची सेवा मोफत आहे. लोक आपणहून येतात.
दार उघडं आहे, दुसरं दुकान एका बोटाच्या अंतरावर.’
मोफतसाठी आमच्या भाषेत दोन शब्द आहेत.
एकात कृपा आहे, एकात फक्त बिल नसणं.
निवडायला मला पाऊण सेकंद मिळतो.
मी दुसरा निवडला.

खोटं कशाला बोलू,
नोव्हेंबरात आई ओस्टेंडला जिन्यात पडली त्या रात्री
धुक्यातून दवाखान्याच्या दारापर्यंत
त्यांच्याच नकाशानं मला नेलं,
छदामही न घेता.
पुढे महिनाभर जे उघडावं तिथे
गुडघ्याचे पट्टे, काठ्या, चाकांच्या खुर्च्या.
आवळा देऊन कोहळा काढला म्हणतात, तसंच हे.
पण त्या रात्री मला तो आवळा हवा होता.

अकरानंतर सेतुबालचा अन्सेल्मु किंतेला.
मोबाइल दुरुस्त करतो. नखांत काळं,
टाय बहुधा भावाचा.
आता मी तो.
‘डोना ग्रासिंदा बाजारात तारल्या विकते.
तिच्या फोनची काच फुटली.
मी दुसऱ्या फोनची बसवली, त्याच कारखान्यातली,
त्याच महिन्यातली, सख्ख्या भावाची म्हणा ना.
फोन म्हणाला, हिला मी ओळखत नाही.
मग तो तिचा चेहराही ओळखेना,
बोट लावून घेईना,
बँक उघडेना.’

‘किमती वाढल्या का?’ (वकील. तोही मीच.)
‘नाही.’
‘मग नुकसान नेमकं कसलं?’

इथे तो थांबला.
शांततेचं भाषांतर कसं करायचं
हे आम्हाला कुणी शिकवत नाही.
मीही थांबले, त्याच्याइतकीच,
पाणीही न पिता.

‘तिनं विचारलं, आता काय करू?
म्हटलं, नवा घ्या.
कुणाचा?
म्हटलं, त्यांचाच.
ती हसली, साहेब.
हसली आणि पाटी उचलून गेली.
ते हसू तुमच्या आलेखात कुठे मांडायचं
ते तुम्ही सांगा.’

कुणीतरी खुर्ची सरकवली.
पडद्यावर सहाव्या पानाचा आलेख परत आला:
किमतीची रेघ, दहा वर्षं जागची न हललेली.
तिच्या खाली, बारीक अक्षरांत, ‘इतर कंपन्या’
आणि ठिपके. अकरा, सात, चार,
मग एक, बराच काळ एकच.
शेवटच्या तीन वर्षांखाली कोरा कागद.
त्याबद्दल सभागृहात कुणी काही बोललं नाही.
म्हणून मलाही बोलता आलं नाही.

संध्याकाळी ट्राममध्ये
आईला फोन लावायला गेले
तर पडद्यावर नव्या अटी, एकोणचाळीस पानं,
आणि तळाशी एक बटण: मान्य.
पाच भाषांत मला ‘नाही’ म्हणता येतं,
एकीत तर नऊ तऱ्हांनी, मायेनंसुद्धा.
अंगठ्यानं वर-खाली शोधलं.
मग दाबलं.
दिवसभरातला तो पहिला ‘मी’
जो दुसऱ्या कुणाचा नव्हता.

‘कुठे अडकलीस?’ आई म्हणाली.
‘कधीची वाट बघतेय.’