आधी थांबणं

नेहेते गुरुजींनी चावी दिली तेव्हा
डॅशबोर्डवरचा गणपती काढून घेतला.
गोंदाचा गोल डाग तेवढा माझ्या वाट्याला.
दोन हजार नऊची अल्टो, अठ्ठ्याण्णव हजार चाललेली,
भालोद ते भुसावळ, भुसावळ ते भालोद.
"कधी कटकट नाही," म्हणाले.
आणि सर्व्हिसचं पुस्तक? ते म्हणे
मुलीच्या लग्नात घर आवरताना कुठंतरी गेलं.

आरसी बुकावर नाव आलं: प्रज्वला मधुकर बेंडाळे.
आमच्या घरातलं चारचाकीवरचं पहिलं नाव.
मी सावद्याला केळीच्या वखारीत वजनाला बसते.
त्या रात्री वजनपावतीच्या पाठीवर यादी केली:
सीट कव्हर. टेप. डाव्या दाराचा पोचा.
एसी. चाकांना चकचकीत ताटल्या.
ऑइल बघणे (जमल्यास).
त्याखाली शिल्लक, एकवीस हजार.

रुबाब तडवी, फैजपूर रस्ता, कडुनिंबाखाली.
त्यानं यादी वाचली. हसला नाही.
गाडीखाली शिरला, बराच वेळ
नुसते पाय दिसत होते, एका चपलेला तार.
मग आतून आवाज आला,
"पयाले काय, कोनतीबी गाडी पयते ताई.
थांबली पाह्यजे."

ब्रेकचे पॅड पापडाएवढे उरलेले.
ब्रेक ऑइल काळं, तिसऱ्यांदा उकळलेल्या चहासारखं.
टायरवर चार आकडे असतात म्हणे,
बोट ठेवून त्यानं मलाच वाचायला लावले:
आठवडा आणि वर्ष.
नक्षी शाबूत होती, रबर मात्र
माझ्या बारावीच्या वर्षाचं,
कडेनं भेगा, तापीच्या वाळल्या गाळासारख्या.
रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी, गंजानं लाल.
थर्मोस्टॅट कुणीतरी काढून फेकलेला.
"अथी सारेच काढतात, गरम होते म्हनून.
दुखनं मंग तठीच राह्यते."

आणि टायमिंग बेल्ट? कधी बदलला?
मी गुरुजींना फोन लावला.
"बेल्ट?" गुरुजी म्हणाले, "सीटचा?"
रुबाबनं फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"ज्याची तारीख माहीत नाही, त्याची तारीख आज."

मला स्वतःचीच लाज वाटली, थोडं हसूही आलं.
वखारीत मी दिवसभर दुसरं काय करते?
हा घड आज दिल्लीच्या गाडीत,
हा दोन दिवस थांबेल,
हा वरून पिवळाधमक, आणि दांड्यातून गेलेला.
हाताला कळतं माझ्या, डोळे लागत नाहीत.
आणि इथं येऊन सीट कव्हर मागत होते.

पैसे टायरपाशी संपले.
चारांऐवजी दोन. उरलेले पुढच्या पगारावर,
तोवर सावदा ते फैजपूर, त्यापलीकडे नाही,
असं त्यानं बजावलं आणि मी ऐकलं.
एकदा सोडून. आत्या पालला आजारी होती.
घाट उतरताना एक बैलगाडी अचानक आडवी आली,
मी पाय दाबला,
आणि गाडी थांबली.
बैलानं बॉनेटचा वास घेतला. एवढंच झालं.
पण मी दोन मिनिटं चावी फिरवली नाही,
पाय तसाच ब्रेकवर,
खाली उतार, आणि उतारावर आम्ही दोघी.

आता मे. पारा पंचेचाळीसला.
एसी पुढच्या वर्षी, किंवा त्याच्या पुढच्या.
काच खाली, आत तव्यावरची हवा,
केळीच्या बागेशेजारून जाताना तेवढा क्षणभर गारवा.
काटा मधोमध. मी रस्त्याइतकीच त्याच्याकडे बघते.

ग्लव्ह बॉक्समध्ये दोनशे पानी वही ठेवलीय.
पहिल्या पानावर: बेल्ट बदलला. ९८,४१२. सोबत तारीख.
कूलंट, तारीख. पुढचे दोन टायर, तारीख.
माझ्यानंतर कुणी घेईल, त्याला फोन लावावा लागू नये.

पोचा अजून आहे.
डावी काच अर्ध्यावर अडकते.
ते शेवटच्या पानावर लिहिलंय, पेन्सिलनं.