तीस नंबर

बोहोरपट्टीत, जिन्याखालच्या दुकानात
मुर्तझाभाई विचारतात, "किती नंबरची देऊ?"
आणि माझं अजून ठरत नाही.

वायरीचा हिशोब उलटा.
आकडा वाढतो तशी ती बारीक होत जाते.
बावीस म्हणजे शेवई,
अठ्ठावीस नाजूक,
तीस म्हणजे केसच जवळजवळ,
त्यावर निळा अंगरखा.

"मल्टीस्ट्रँड न्या, वाकते पण तुटत नाही."
नको.
सात पदरांना कितीही पीळ द्या,
एखादा बाहेर राहतोच
आणि शेजारच्या पिनेला जाऊन चिकटतो.
मला एकेरी हवी,
वाकवली तिथे वाकून राहणारी.
तिची खोड मला ठाऊक आहे:
सोलताना पात्याचा ओरखडा बसला
तर त्या दिवशी काही होत नाही.
चार महिन्यांनी, कुणी हात न लावता,
बरोबर तिथेच तुटते.

एकवीस वर्षं सातपूरला हार्नेस बांधले.
कुणाकुणाच्या डॅशबोर्डमागे
माझ्या गाठी अजून रस्ते तुडवत असतील.
पण वायर निवडली नाही कधी.
रीळ यायचं, ड्रॉइंग यायचं,
मग जेवणाची घंटा.
निवडणं हे आत्ता शिकतेय, साठीनंतर,
या काउंटरवर, मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना.

मी वीत-वीतभर तुकडे मागते.
त्यांच्या पोराचं आयर्न तापलेलंच असतं.
पहिल्या तुकड्याचं प्लास्टिक चटका लागताच
अंग चोरून मागे सरलं,
तांब्याला उघडं टाकून.
दुसऱ्याला वास आला, जळक्या कंगव्याचा.
तिसरा जागचा हलला नाही.
"हीच."
"ही महाग आहे, ताई. मीटरला बारा."
"दहा मीटर द्या."
"रेडिओ करताय?"
"नाही. दिवा."

दिव्याचं असं आहे.
ह्यांचे कान पॉवरप्रेसने नेले,
थोडे थोडे करून, दर पाळीला.
आता हे पेपर वाचत बसतात आणि जग बाहेर.
मार्चमध्ये मी किल्ली विसरले
आणि उत्तमनगरच्या तिसऱ्या मजल्यावर
स्वतःच्याच दारात पाऊण तास बेल दाबत उभी राहिले.
मंदाकिनीबाईंनी चहा दिला, वर वाटीभर चिवडा.
हे आत शब्दकोडं सोडवत होते.
"आलीस? आज उशीर झाला," म्हणाले.

म्हणून ही पाटी, हा रिले, हा एवढासा लाल दिवा.
पंखा बंद, नाहीतर वायर उडते.
घाम चष्म्यावर.
हात कापतात आता, पण कापण्यालाही एक ताल असतो;
दोन थरथरींच्या मधली जागा सापडली
की टोक बरोबर भोकात जातं.
मग काटकोनात वळवायची,
रेझिस्टरच्या पोटाखालून न्यायची,
नखाने दाबून बसवायची.
जोड चमकला तर लागला.
राखेसारखा दिसला तर पुन्हा.
अकरा जोडांपैकी चार पुन्हा केले.
ड्रॉइंग नव्हतं. घंटाही नव्हती.
भाजी करपली तेवढी.

दिवा ह्यांच्या खुर्चीसमोर, कॅलेंडरच्या खिळ्याला.
काहीच सांगितलं नाही.
चपला घातल्या, दार ओढून घेतलं,
बेल दाबली.

बाहेरून तर काही दिसत नाही.
लागला की नाही, कुणास ठाऊक.
आत तीस नंबरची निळी रेघ
भिंतीच्या कडेकडेने गेलेली,
कुठे ओरखडा राहिला असेल का,
त्या सातव्या जोडापाशी मी घाई केली होती का,
आणि जिन्यात कुणाची तरी कुकरची शिट्टी.

मग सपातांचा आवाज.
कडी.

"बरं झालं आलीस," हे म्हणाले,
"तुझा तो दिवा बिघडलाय बहुतेक.
काही कारण नसताना लागला.
तेच सांगायला उठलो."