रुमाल

नाना पेठेत हमीदा नंबरप्लेटा ठोकते.
पत्र्याच्या डब्यात दहा कप्पे;
पूज्याचा आधी संपतो.

नाणेघाटातल्या दगडावर
हजाराला स्वतःची खूण होती, शंभराला स्वतःची.
सहा हजार एक लिहायचे तर
हजाराच्या अंगाला सहा जोडायचा, शेजारी एक.
मधे कुणाची वाट नाही.

इथे सहाला आडनाव नाही.
कुठे बसलाय, तेवढाच त्याचा मान.

"सहा शून्य शून्य एक," गिऱ्हाईक म्हणतं,
"मधली शून्यं गाळली तर स्वस्त पडेल?"
"पडेल की. एकसष्ट होऊन घरी जा."

संध्याकाळी स्वारगेटला
ती बसच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकते.
त्यावर कुणीच बसलेलं नसतं.
तरी आलेला माणूस
एक जागा सरकून बसतो.