अर्ज क्रमांक सतरा

वर्षातून नऊदा जहाज येतं.
त्यातलं दोन-तीनदा नुसतंच बेटाला वळसा घालतं,
भोंगा वाजवतं,
आणि आमचं पीठ, आमची औषधं
आमच्याकडे बघत बघत केपटाऊनला परत जातात.

टपाल मी बघते. शिक्के माझ्याच खणात, म्हणून
कौन्सिलनं परवानग्यांचं कामही माझ्याकडे लावून दिलं.
फॉर्म एका पानाचा.
नाव, वय, परतीचं तिकीट, कुणाच्या घरी उतरणार,
दात कसे आहेत (दंतवैद्य दोन वर्षांतून एकदा).
सगळ्यात शेवटी: बेटावर का यायचंय?
खाली तीन ओळी मोकळ्या.

लोक लिहितात, शांतता हवी आहे.
लिहितात, जगाचं टोक.
एकानं लिहिलं, जिथं कुणीच नाही तिथं एकदा जायचंय.
हॅरल्ड बटाटे निवडत होता, त्याला वाचून दाखवलं.
हातातला बटाटा न ठेवता म्हणाला, मग आपण कोण?
त्या अर्जावर नामंजूरचा शिक्का
जरा जोरातच बसला.

सतरावा अर्ज पेन्सिलीनं भरलेला.
मोगमत आर्नोल्डस, वय बहात्तर. दात: स्वतःचे नाहीत.
केपटाऊनच्या धक्क्यावर एकतीस वर्षं क्रेन चालवली.
‘तुमच्या पेट्या मीच चढवायचो.
अडतीस वर्षांपूर्वी एक माझ्या हातून सुटली, पाण्यात गेली.
साहेबांनी वाऱ्यावर ढकललं. मला कुणी विचारलंच नाही.
तिच्यात काय होतं?’
तीन ओळी संपल्या होत्या. प्रश्न समासात चढला होता.

मला ठाऊक होतं काय होतं ते.
तरी कळवलं नाही. नुसतं मंजूर लिहिलं.
काही गोष्टी माणसाला समोर बसवून, चहा देऊन सांगाव्यात.

तो आला तेव्हा वारा वायव्येचा.
तीन दिवस जहाज समोर डुलत राहिलं.
दुर्बिणीत मला एक लाल टोपी दिसायची,
कठड्याशी, सकाळ-संध्याकाळ.
चौथ्या दिवशी तासभर समुद्र जरा निवला.
आमची होडी गेली, औषधं घेतली, टपाल घेतलं,
दोन तरुण पक्षीवाले घेतले.
सत्तरीपुढच्यांना दोराच्या शिडीवरून उतरवायचं नाही,
हा नियम माझ्याच अक्षरात आहे.

मग रेडिओवर त्याचा आवाज.
बाई, मी सतरा नंबर. निदान तेवढं सांगा.

रेडिओ इथं घरोघरी चालू असतो. पोळपाटाशी, गोठ्यात,
सगळं बेट कान देऊन होतं.
मी म्हटलं, चष्मे होते.
डोळ्यांचा डॉक्टर येऊन साऱ्यांचे नंबर घेऊन गेला होता.
साऱ्यांचे?
साऱ्यांचे.
नुसती खरखर, बराच वेळ. मग, किती दिवस?
वर्षभर, मी म्हटलं. पण पडलं-बिडलं कुणी नाही.
शिलाई तेवढी वाकडी झाली.

त्याच वर्षी हॅरल्डनं मला मागणी घातली,
हे मात्र मी रेडिओवर बोलले नाही.
मागच्या खोलीतून तोच ओरडला,
त्याला म्हणावं, आभारी आहे!
आता ते कुणाला लागू होतं,
मला, की समुद्राला, की त्या क्रेनला,
विचारायचं राहूनच गेलं.

टपालाच्या पिशवीत तळाशी एक डबा होता.
पाकातल्या वेण्या, त्याच्या बायकोनं तळलेल्या,
सात दिवसांच्या प्रवासात दगड झालेल्या.
चहात बुडवून खाल्ल्या.

फॉर्म अजून माझ्या खणात आहे.
आगमनाची तारीख मी कोरी ठेवली आहे.
परवानगी वर्षभर चालते. पुढचं जहाज फेब्रुवारीत,
तेव्हा वारा बरा असतो, कधी कधी.
कौन्सिलच्या बैठकीत मी एक विषय टाकलाय:
शिडीऐवजी पाळणा.
क्रेनला टांगायचा.
चालवायला माणूस शिकवावा लागेल.