धडा

सव्वीस वर्षं मार्केट यार्डात गूळ तोलतोय.
रवा काट्यावर टेकायच्या आधीच हाताला कळतं,
तीस आहे, की तीसला पाव कमी.
स्वतःचं वजन मात्र
डॉक्टर शिरगुप्प्यांच्या दवाखान्यात कळलं,
तेही नर्सनं मोठ्यानं वाचलं म्हणून :
एकशे सदतीस.
साडेचार रवे, वर दोन किलो.

राजारामपुरीतला तो जिना चढताना दोनदा थांबलो,
मोबाईल बघायचं निमित्त करून.
डॉक्टरांनी टेबलावर प्लॅस्टिकचं जठर ठेवलं,
मधून उघडणारं, पोरांच्या डब्यासारखं.
एवढं काढायचं, म्हणाले. एवढं ठेवायचं.
ठेवायचं ते केळाएवढं.
"परत जोडता येत नाही,"
हे त्यांनी पेनाचं टोपण लावून सांगितलं.

शालन विचारत होती, साखर उतरेल का, गुडघे वाचतील का.
मी विचारलं, नंतर रवा उचलता येईल?
सहा आठवडे नाही, म्हणाले. मग बघू.
'बघू' बाजारात रोज ऐकतो.
त्याचा भाव मला ठाऊक आहे.

दस्तगीर नायकवडीनं करून घेतलंय, दोन वर्षं झाली.
त्याच्या पुतण्याच्या लग्नात शेजारी बसलो.
वाटीभर पांढरा रस्सा, चतकोर भाकरी,
आणि त्याला अर्धा तास.
"जिना चढतो. इन्सुलिन सुटलं," म्हणाला.
वाढपी पुढं सरकल्यावर, हळूच :
"पोट बारकं केलं रे त्यांनी. डोळे कोण बारके करणार?"

रात्री नाकाला मशीनची नळी.
शालन भिंतीकडं तोंड करून माझा श्वास मोजत पडते.
सांगत नाही.
पण मापाड्याला मोजणारं माणूस ओळखू येतं.

लोक म्हणतात, रंकाळ्याला चार फेऱ्या मार, भात सोड.
सोडला की. तीनदा.
अठरा किलो घालवले, बावीस परत आले,
उधारीसारखे, व्याजासकट.
कापून घेणं म्हणजे पळपुटेपणा म्हणणाऱ्यांनी
एकदा माझ्या बुटाची नाडी बांधून दाखवावी, माझ्या अंगात शिरून.

टाक्यांची भीती नाही.
बाजार सुटल्यावर, हमाल गेल्यावर,
मोकळ्या गाळ्यात मी असतो आणि पुड्यातली भजी.
ती भूक नसते.
काय असते, ते अजून कुणी तोललेलं नाही.
जठरात नसेल, तर कापायची कुठून?
फॉर्मवर हा प्रश्न नव्हता.
प्रांजलनं विचारला, गॅस बारीक करता करता, पाठमोरी :
"पप्पा, तुम्हाला नक्की काय कमी करायचंय?"

आज पहाटे सौद्याआधी मोठा काटा रिकामा होता.
आधी भांड्याचा धडा करायचा, बापानं शिकवलेलं,
नाहीतर भांड्याचं वजन मालात जातं.
चपला काढल्या.
पाकीट, किल्ल्या, गोळ्यांची डबी खाली ठेवली.
चढलो.
माल किती, भांडं किती,
कडता कुठून धरायचा...
मनाचा धडा असा उभ्या उभ्या होत नाही.
पहिली ट्रॉली आत आली, दिवे डोळ्यांवर.
उतरलो.

तारीख मंगळवारची आहे. आज शुक्रवार.
शालननं पिशवीत टॉवेल आणि तांब्या भरून ठेवलाय.
मी तो
अजून बाहेर काढलेला नाही.