पोच

बैंगनवाडी, गल्ली नंबर बारा.
घागबाई पुढे, मी मागे, खांद्याला थंड पेटी.
दारावर मागच्या रविवारचा खडू अजून आहे:
तारीख, घर नंबर, एक बाण.

"बूंद तो सात बार पिलाया," इल्माची आई म्हणते,
"अब खून काहे को?"
घागबाई तिला समजावतात.
सतरा वर्षं त्यांना हेच काम.
मी मनात म्हणते, मनीऑर्डर पाठवली, बाई,
पोच आली नाही अजून.

इल्मा नऊ महिन्यांची.
अंगावर बाळसं नाही, तरी शीर सापडत नाही.
करंगळीवर शाई, नखाच्या कडेला उरलेली.
तिनं लाथ मारली
आणि नळीवरचा स्टिकर तिरका बसला.
चारशे सतरा.
नाव घागबाईंच्या वहीत राहिलं.

परळला, तिसऱ्या मजल्यावर,
रक्त गोठून खाली बसतं,
वर उरतं पिवळसर पाणी.
जखमेतून असंच पाझरलं तर आमच्याकडे
त्यालाही लसच म्हणतात.

एकास आठ. एकास सोळा. एकास बत्तीस.
ताकात पाणी घालत जावं
आणि दर वेळी चाखून विचारावं,
अजून आंबट लागतं का?
मग विषाणू. मग पेशी.
मग पाच दिवस दार बंद.

जगलेल्या पेशी फरशीसारख्या सलग दिसतात.
मेलेल्या सुट्या, गोल,
भिजलेल्या साबुदाण्यासारख्या.

पहिल्या जातीसमोर
एकास हजार चोवीसपर्यंत फरशी.
तिसऱ्या जातीसमोर
एकास आठलाच साबुदाणा.
परत बघितलं. भिंग पुसून बघितलं.

कुणाची नळी हे मला कळू नये असा नियम आहे.
पण स्टिकर तिरका आहे.

सात वेळा तोंड उघडलं होतं तिनं.
कदाचित तेव्हा पोट बिघडलेलं असेल,
नळाचं पाणी, उघडं गटार, काहीही.
माझ्या तक्त्यात कारणाला रकाना नाही.
मी लिहिते: आठपेक्षा कमी.

अहवालात येईल, शंभरात इतके सुरक्षित,
दशांश चिन्हापुढे आणखी एक अंक.
चांगला आकडा असेल. टाळ्या पडतील.

संध्याकाळी घागबाईंना फोन लावते.
"पुढच्या फेरीत बारा नंबर गल्ली आहे ना?"
"आहे की. का गं?"
"काही नाही," मी म्हणते.
"कुठलं दार बंद असलं
तर दुपारी परत जा."